शंका-समाधान : ब्राह्मी, मालकांगोणी आणि स्मरणशक्ती

परीक्षांचे दिवस जवळ आले की स्मरणशक्तीच्या औषधांविषयीची पत्रे वाढतात. तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव परिसरातून आलेल्या अशा काही पत्रांची उत्तरे येथे एकत्र देत आहे. एका पत्राला तातडी आहे, म्हणून ते आधी घेतले आहे.

"माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याला फेफरे येतात. फेनिटॉइनच्या गोळ्या सुरू केल्यापासून वर्षभर एकही झटका आला नव्हता. पण शिकवलेले त्याच्या लक्षात राहात नाही, म्हणून नातेवाइकांच्या सांगण्यावरून महिन्यापूर्वी शंखपुष्पीचे सरबत सुरू केले. आता पंधरा दिवसांत दोन झटके आले. झाडपाल्याच्या औषधाने अपाय होत नाही असेच आम्ही ऐकत आलो. माझ्याच हातून काही झाले का? रात्र-रात्र डोळा लागत नाही." — एक आई, तळोदा तालुका

ताई, तुम्ही जे केले ते मुलाच्या काळजीपोटी केले. त्याचा दोष मनाला लावून घेऊ नका. आता दोन गोष्टी करा. शंखपुष्पीचे सरबत आजपासून बंद करा. फेनिटॉइनची गोळी मात्र एक वेळसुद्धा चुकवू नका आणि तिचा डोस स्वतःच्या मनाने वाढवूही नका. या आठवड्याच्या आत मुलाला त्याच्या डॉक्टरांकडे न्या, सरबताची बाटली सोबत ठेवा आणि ती कधी सुरू केली ते स्पष्ट सांगा. रक्तातील फेनिटॉइनची पातळी तपासता येते. तशी तपासणी करावी का, हे त्यांना विचारा.

तुमच्या मनात आलेली शंका वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात फेफऱ्याच्या दोन रुग्णांचे झटके कारण नसताना पुन्हा सुरू झाले होते. दोघेही शंखपुष्पीचे सरबत घेत होते. डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग उंदरांवर प्रयोग केले. हे सरबत फेनिटॉइनबरोबर काही दिवस दिले की रक्तातील फेनिटॉइन कमी होते आणि त्याचा झटके रोखण्याचा गुणही घटतो, असे त्यांना आढळले. हा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. तुमच्या मुलाचे झटके याच कारणाने आले असे मी पत्रावरून ठामपणे सांगू शकत नाही. ताप, जागरण किंवा चुकलेली गोळी हीसुद्धा कारणे असू शकतात. पण फेफऱ्याचे औषध चालू असताना शंखपुष्पी देऊ नये, एवढे नक्की.

पुन्हा झटका आला तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका आणि घड्याळ पाहा. झटका पाच मिनिटांहून जास्त लांबला, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरा आला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. राहिला विसरण्याचा प्रश्न. फेफऱ्यामुळे आणि काही वेळा त्याच्या औषधांमुळेही मूल अभ्यासात मंदावते. हे डॉक्टरांना अवश्य सांगा. औषध बदलण्याचा किंवा मात्रा जुळवण्याचा पर्याय त्यांच्या हाती असतो.

"मुलगी दहावीला आहे. घरात पहिलीच दहावीपर्यंत पोहोचलेली. पाठ केलेले दुसऱ्या दिवशी विसरते आणि रडत बसते. परीक्षेला पाच आठवडे उरलेत. ब्राह्मीच्या अर्काच्या कॅप्सूल महाग आहेत, पण तिचे भले होणार असेल तर केळीचे पैसे आल्यावर घेईन. उशीर तर झाला नाही ना?" — एक शेतकरी वडील, बोरद परिसर

आधी ब्राह्मीविषयी खरे काय आहे ते पाहू. ही केवळ ऐकीव गोष्ट नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने या वनस्पतीवर अनेक वर्षे काम केले आणि तिच्यातील बॅकोसाइड (ब्राह्मीतील मुख्य कार्यकारी घटकांचा गट) वेगळे करून तपासले. ऑस्ट्रेलियात २००१ साली निरोगी प्रौढांना रोज ३०० मिलिग्रॅम अर्क देऊन, दुसऱ्या गटाला निष्क्रिय गोळी (रंगरूप तेच, पण आत औषध नाही) देऊन तुलना केली गेली. काही चाचण्यांत अर्क घेणारे पुढे होते, पण तो फरक बारा आठवड्यांनी दिसला. पाचव्या आठवड्याला नव्हे. २००२ साली तेथेच चाळीस ते पासष्ट वर्षे वयाच्या ७६ जणांपैकी एका गटाला तीन महिने ब्राह्मी आणि दुसऱ्याला निष्क्रिय गोळी दिली. नव्याने शिकलेली माहिती ब्राह्मी घेणाऱ्यांच्या लक्षात थोडी अधिक टिकली. शिकण्याचा वेग मात्र वाढला नाही.

आता याचा तुमच्या मुलीशी संबंध जोडून पाहा. हे प्रयोग प्रौढांवरचे आहेत, फरक थोडा आहे आणि तो दिसायला तीन महिने लागले. तुमच्या हाती पाच आठवडे आहेत. शिवाय मळमळ, पोटात कळा आणि वारंवार शौचाला होणे हे ब्राह्मीचे नेहमी आढळणारे त्रास आहेत. ऐन परीक्षेत ते नकोतच. म्हणून या परीक्षेसाठी कॅप्सूलवर पैसे घालू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. 'बुद्धी वाढवणारे' अशा जाहिरातींनीही विचलित होऊ नका. मेंदूची क्षमता आणि स्मरणशक्ती वाढवण्याचा दावा आधुनिक औषधांना करता येत नाही. १९४५ च्या औषध नियमावलीच्या 'जे' परिशिष्टात, न करता येणाऱ्या दाव्यांमध्ये, तो स्पष्टपणे नोंदलेला आहे.

उशीर मात्र झालेला नाही, कारण फुकट असलेला आणि पाच आठवड्यांत लागू पडणारा एक उपाय तुमच्याजवळ आहे. मुलीला तोच धडा पुन्हा पुन्हा वाचू देऊ नका. एकदा नीट वाचून झाला की पुस्तक मिटून आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायला सांगा, मग पुस्तक उघडून राहिलेले भरायला सांगा. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर हेच तपासले. आठवड्यानंतर नुसते पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के मजकूर आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. दुसऱ्या दिवशी विसरणे हा आजार नाही. एकदाच पाठ केलेले प्रत्येकाचेच निसटते. तोच भाग दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग दहा दिवसांनी आठवून पाहिला की तो बसतो. रोज सात-आठ तास झोप हवीच, कारण दिवसभर शिकलेले झोपेतच पक्के होते.

आणखी एक. ती सतत रडत असेल, जेवण तुटले असेल, धाप लागत असेल किंवा पाळीत खूप रक्त जात असेल, तर तळोद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. या वयाच्या मुलींत विसरण्यामागे रक्त कमी असणे फार वेळा सापडते. तिच्याजवळ बसून 'नापास झालीस तरी तू आमचीच' एवढे एकदा स्वच्छ शब्दांत सांगा. ते औषधांच्या यादीत नसले तरी मी ते लिहून देतो.

"आमच्या शेताच्या चारीकाठी ब्राह्मी पसरली आहे. घरातल्या तिन्ही मुलांना रोज अर्धी वाटी रस देतो. शेजारी म्हणतो ही ब्राह्मीच नव्हे, मुलांना विषबाधा होईल. आता भीती वाटू लागली आहे." — एक वाचक, अक्कलकुवा रस्ता

तुमचा शेजारी आणि तुम्ही, दोघेही बरोबर असू शकता. ब्राह्मी या नावाने दोन वेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात. एक जलब्राह्मी : जाडसर, रसाळ, नखाएवढी लांबट पाने आणि पांढरे-जांभळट पाच पाकळ्यांचे छोटे फूल. वर सांगितलेले प्रयोग हिच्यावरचे. दुसरी मंडूकपर्णी, जिला आपल्याकडे कारिवणाही म्हणतात : लांब देठावर एकेक गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचे, कडेला दातेरी पान. चरकसंहितेत बुद्धीला हितकर म्हणून सांगितलेल्या चार रसायनांत मंडूकपर्णी आहे. यष्टीमधु, गुळवेल आणि शंखपुष्पी ही उरलेली तीन. दोन्हींपैकी कोणतीही विषारी नाही. थोडा रस घेतल्याने विषबाधा झाली असेल, ही भीती मनातून काढून टाका.

माझी काळजी वेगळी आहे. चारीच्या पाण्यात केळी, ऊस आणि मिरचीवर फवारलेली औषधे उतरतात, जनावरांचे शेणमूत मिसळते आणि जलब्राह्मी पाण्यातले जड धातू स्वतःत साठवून घेते. असा कच्चा रस रोज मुलांच्या पोटात जाऊ नये. म्हणून रस बंद करा. भाजी किंवा चटणी म्हणून अधूनमधून खायची असेल तर कुंडीत स्वच्छ मातीत लावा. मंडूकपर्णी काही आठवडे घेतल्यावर कावीळ झाल्याच्या काही नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा उलट्या होऊ लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

"वय २३. तळोद्यात खोली घेऊन पोलीस भरतीची तयारी करतो. मित्राने सांगितले, मालकांगोणीचे तेल रोज एक थेंब वाढवत चाळीस दिवस घ्यायचे, मग वाचलेले कधीच विसरत नाही. बावीस थेंबांवर आलो आहे. पोटात आग होते, तोंड आले आहे, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही. आता सोडले तर सगळे फुकट जाईल का?" — एक उमेदवार

आजच सोडा. काहीही फुकट जाणार नाही. तेल अचानक थांबवल्याने अपाय होण्याचे कारण नाही आणि साठवलेली स्मरणशक्ती निघून जाईल असेही काही नसते.

मालकांगोणी आपल्या सातपुड्यातली. मोठ्या झाडांवर चढणारी ही वेल, तिची पिवळी गोल फळे फुटून आतल्या तांबड्या-नारिंगी आवरणातल्या बिया दिसू लागल्या की ओळखू येते. आयुर्वेदात ती ज्योतिष्मती. तिच्या तेलावर अमेरिकेत १९९७ साली एक प्रयोग झाला : स्कोपोलामिन (तात्पुरती विस्मृती आणणारे औषध) दिलेल्या उंदरांना हे तेल आधी काही दिवस पाजले, तेव्हा त्यांना पाण्यातली वाट अधिक चांगली आठवली. भारतातही उंदरांवर असे प्रयोग झाले आहेत. हे निष्कर्ष आशादायक आहेत आणि मला त्यांचे मोल वाटते. पण औषध देऊन विस्मृती आणलेला उंदीर आणि भरतीचा अभ्यास करणारा निरोगी तरुण यांच्यात फार अंतर आहे. तुमच्यासारख्यांवर मोठा, निष्क्रिय गोळीशी तुलना केलेला प्रयोग माझ्या पाहण्यात नाही. आयुर्वेदानेही ही वनस्पती उष्ण आणि तीक्ष्ण मानली आहे. चरकाने तिची गणना शिरोविरेचनाला (नाकावाटे औषध देऊन डोक्यातील दोष काढणे) साहाय्य करणाऱ्या द्रव्यांत केली आहे. जाणकार वैद्य ती प्रकृती पाहून, मोजून देतात. मित्राच्या सांगण्यावरून थेंब चढवत नेण्याची ही वस्तू नव्हे.

पोटातली आग चार-पाच दिवसांत शमली नाही तर डॉक्टरांना दाखवा. शौच डांबरासारखे काळे झाले, उलटीत रक्त दिसले किंवा पोटात जोरात दुखू लागले तर एक तासही थांबू नका. पहाटेचे धावणे, अपुरे जेवण आणि रात्री दोनपर्यंतचे जागरण यांनी स्मरणशक्ती जेवढी खचते तेवढी भरून काढणारे तेल अजून कोणी काढलेले नाही. आधी झोप सावरा. आणि जंगलातून बी आणणाऱ्यांना, तुमच्या ओळखीचे असतील तर, एवढे सांगा की फळे तोडावीत, वेल मुळापासून कापू नये. गोळा करण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने दिलेला आहे; वेलच उरली नाही तर त्या हक्काचा उपयोग नाही.

"आमचे आप्पा ७२ वर्षांचे आहेत. वर्षभरापासून नावे विसरतात. गेल्या महिन्यात शेतातून परतताना रस्ता चुकले. धाकटे दीर पुण्याहून गिंकोच्या गोळ्या पाठवतात. आप्पांना हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. दोन्ही चालतील ना?" — एक सून, तळोदा

गिंकोच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. लाभाचे म्हणाल, तर अमेरिकेत पंचाहत्तरीपुढच्या तीन हजारांहून अधिक व्यक्तींपैकी जवळपास निम्म्यांना सुमारे सहा वर्षे गिंकोचा अर्क आणि बाकीच्यांना निष्क्रिय गोळी देऊन तुलना केली गेली. २००८ साली निष्कर्ष आला की स्मृतिभ्रंश (आठवण आणि विचारशक्ती हळूहळू ओसरण्याचा आजार) त्याने टळत नाही.

नावे विसरणे उतारवयात होते. ओळखीचा रस्ता चुकणे मात्र तपासायलाच हवे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य, कमी ऐकू येणे, झोपेच्या गोळ्या ही सगळी कारणे उपचाराने सुधारतात. मागच्या काही महिन्यांत आप्पा कुठे पडले होते का, हे आठवून डॉक्टरांना नक्की सांगा. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याच्या डोक्यात किरकोळ मारानेही हळूहळू रक्त साचू शकते. त्यांना नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात न्या. एक-दोन दिवसांतच गोंधळ एकदम वाढला, बोलणे अडखळले किंवा एक हात-पाय लुळा पडला, तर ती तातडीची वेळ समजा.

"मी आश्रमशाळेत शिकवते. चौथीच्या वर्गात सात-आठ मुले अशी आहेत की काल शिकवलेले आज शून्य. एक संस्था ब्राह्मीचे सिरप मोफत वाटायला तयार आहे. यातल्या दोन मुलांना सिकलसेल आहे. सिरप द्यावे का? आणि ही मुले पुढे शिकतील ना, ही चिंता मला घरी गेल्यावरही सोडत नाही." — एक शिक्षिका

बाई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. सिरप सरसकट वाटू नका. पालकांची संमती आणि डॉक्टरांची तपासणी झाल्याशिवाय कोणतेही औषध शाळेतून वाटले जाऊ नये, मग ते मोफत का असेना. ऑस्ट्रेलियात अतिचंचल मुलांना काही आठवडे ब्राह्मी देऊन पाहिली, तेव्हा मुख्य तक्रारींत निष्क्रिय गोळीपेक्षा ठळक फरक पडला नाही.

या सात-आठ मुलांचा प्रश्न एकच असेल असे मला वाटत नाही. सिकलसेलच्या दोघांपासून सुरुवात करू. ती दोघे वाहक (एकच सदोष जनुक असलेली, स्वतः आजारी नसलेली) आहेत की रुग्ण, हे त्यांच्या कार्डावर पाहा. वाहक मुलांच्या अभ्यासावर सिकलसेलचा परिणाम होत नाही. त्यांना मागे पडलेली समजू नये. रुग्ण असलेल्या मुलांत मात्र रक्त कमी असते, दुखण्यामुळे शाळा बुडते आणि कधीकधी मेंदूच्या लहान भागांचा रक्तपुरवठा बाहेर काही न जाणवता तुटतो. असे मूल आधी येत असलेले विसरू लागले तर त्याला तज्ज्ञांनी पाहणे आवश्यक आहे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध अनेक रुग्णांना उपयोगी पडते, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. लोहाची गोळीही या मुलांना डॉक्टरांना विचारूनच द्या.

उरलेल्या मुलांचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. शेजारच्या बडोद्यात सुभद्रा शेषाद्री आणि तारा गोपालदास यांनी शाळकरी मुलांवर केलेले काम १९८९ साली प्रसिद्ध झाले : रक्त कमी असलेल्या मुलांना लोह दिल्यावर त्यांची लक्ष देण्याची आणि आठवण्याची क्षमता सुधारली. शाळेत आठवड्याला मिळणारी लोह-फॉलिक आम्लाची गोळी आणि जंतनाशक गोळी मुलांच्या पोटात खरोखर जाते ना, एवढे पाहिले तरी पुष्कळ होईल. मागच्या बाकावरचे मूल फळा वाचू शकते का, कान फुटलेला आहे का, हेही पाहा.

आणि एक सोपी कसोटी तुम्हीच करू शकता. ज्या मुलाला काही आठवत नाही असे वाटते, त्याला होळीच्या वेळी गावात काय काय झाले ते त्याच्या घरच्या बोलीत, भिलीत किंवा पावरीत, सांगू द्या. तुम्हाला बोली येत नसेल तर वर्गातलेच दुसरे मूल समजावून सांगेल. कोण आले, कोणी ढोल वाजवला, कोण कोणाच्या घरी जेवले हे सगळे ते क्रमाने सांगत असेल, तर त्याची स्मरणशक्ती शाबूत आहे. त्याला मराठी अजून पुरेशी कळलेली नाही. न कळलेले वाक्य लक्षात ठेवणे मोठ्यांनाही जमत नाही. अशा मुलाला औषध नको. धड्यातले दहा शब्द आधी त्याच्या बोलीत समजावून मग मराठीत द्या आणि त्याला वेळ द्या.

हे सगळे पाहूनही एखादे मूल मागेच राहिले, चालणे-बोलणे उशिरा आले असेल, वर्गात मध्येच क्षणभर हरवल्यासारखे टक लावून बघत असेल, तर बालरोगतज्ज्ञांची भेट टाळू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते. ते येण्याआधी या मुलांची नावे, प्रत्येकाची तुम्हाला दिसलेली अडचण आणि सिकलसेलची नोंद एका कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद पथकातील डॉक्टरांच्या हातात द्या.